अडीचशेपैकी दोनशे सेकंद

फोटोत बाबा होते, आणि ते तिथे असणं शक्यच नव्हतं.

धाकटीने आधी स्क्रीन बाहीने पुसून पाहिली. मग चष्मा पुसला. मग फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकली. पोस्टाच्या जुन्या हॉलची ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, आणि फरशीच्या अगदी मध्यावर तिच्या वडिलांचे बूट. डाव्या बुटाची नाडी सैल होती, तीसुद्धा स्पष्ट दिसत होती. फोटो घेताना त्या हॉलमधून निदान शंभर माणसं आली-गेली असतील. त्यांतलं एकही उमटलं नव्हतं. उमटू नये म्हणून तर सगळा खटाटोप होता. उमटले होते ते एकटे बाबा. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, करपल्याचा वास घरभर झाला, तरी धाकटी जागची हलली नाही.

ती एवढी का हादरली हे कळायचं तर आधी बाबा कोण ते कळायला हवं.

बाबांना त्यांच्या छापखान्यात सगळे सेकंदकाका म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. छापखान्याच्या मागच्या अंगाला एका खोलीत, खोलीएवढाच एक कॅमेरा होता. रंगीत चित्र छापायचं असलं की त्याचे वेगवेगळे फोटो काढायचे: एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्हींपासून वेगवेगळ्या प्लेटा बनायच्या आणि त्या एकावर एक छापल्या की चित्र पुन्हा रंगीत व्हायचं. गोम अशी होती की प्रत्येक काच आपापला उजेड खाते. कुणी कमी खाते, कुणी अधाशासारखी. काचेशिवाय दहा सेकंद पुरत असतील तर लाल काचेला पन्नास लागायचे, हिरवीला शंभर. शिवाय दिवे जुने झाले की हिशेब पुन्हा बदलायचा. एखाद्या काचेला दोन-चार सेकंद कमी पडले की संपला कारभार. "एकदा माझ्या आधीच्या माणसाने हिरव्या काचेत घाई केली," बाबा सांगत, "आणि दोन हजार कॅलेंडरांवर नवरीचं वांगं झालं. भरीत करायचंच काय ते बाकी होतं."

भिंतीवर घड्याळ होतं, पण अंधारात ते दिसणार कसं? म्हणून बाबा मोजत. "एक आणि, दोन आणि, तीन आणि," असं तोंडाने, आणि उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटत. आकडा सेकंदावर, 'आणि' दोन सेकंदांच्या मधल्या फटीत. तीनशेपर्यंत मोजलं तरी एका-दोन सेकंदांचा फरक पडायचा नाही. घरीही तेच. अंडी उकडायची तर बाबा मोजत. दादाला ताप आला आणि काखेत थर्मामीटर लावला तर बाबा मोजत. दोघं भावंडं लहान असताना त्या टाचेच्या ठेक्यावर झोपून जायची.

पुढे छापखान्यात संगणक आला, खोलीएवढा कॅमेरा भंगारात गेला, बाबा निवृत्त झाले, आई गेली. दादा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर राहायला गेला. धाकटीने फोटोंचाच धंदा धरला, पासपोर्ट फोटो, घरांचे फोटो, जे मिळेल ते. ती घरच्यांसह बाबांपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बाबा मात्र आपल्या दोन खोल्यांत एकटे, खिडकीशी खुर्ची टाकून, कपाटात त्या तीन रंगीत काचा फडक्यात गुंडाळून.

या फोटोच्या आठवडाभर आधी ते न्हाणीघरात पडले. "साबणावरून पाय गेला," म्हणाले. फार लागलं नाही, पण दादाने फोनवर आकाशपाताळ एक केलं.

"या रविवारी मी येतोय आणि बाबांना घेऊन जातोय. बास झालं एकट्याचं राहणं."

"अरे, साबणावरून कुणीही पडतं. मी रोज बघते ना त्यांना! ठणठणीत आहेत. लिहून देऊ?"

"तू त्यांची लाडकी. तू काय वेगळं सांगणार!"

"रविवारी ये, स्वतःच बघ. तुला काही वावगं दिसलं तर मीच त्यांची बॅग भरून देईन."

बाबांनी तो फोन शेजारी बसून ऐकला होता. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "धाकटे, मला या खिडकीतून हलवू देऊ नकोस हं." कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस. धाकटीने हातावर हात ठेवून शब्द दिला.

आणि बुधवारी हे पोस्टाचं काम आलं.

पोस्ट ऑफिस नव्या इमारतीत जाणार होतं. पोस्टमास्तरांना जुन्या हॉलचा एक फोटो नव्या भिंतीवर लावायचा होता. "हॉल असा रिकामा दिसला पाहिजे बाई," ते म्हणाले. "एकही माणूस नको. पण कचेरी काही मी बंद ठेवू शकत नाही. आणि वरच्या झरोक्यांतून छान उजेड येतो तो अकरालाच. ऐन गर्दीत."

"म्हणजे पोहायचं पण भिजायचं नाही," धाकटी घरी येऊन बाबांपाशी कुरकुरली.

बाबा हसले. "माणसं कशाला हाकलतेस? उजेड हाकल. काळी काच आहे ना तुझ्याकडे? हजारपटीची?"

होती. काजळासारखा काळा फिल्टर. तो भिंगावर लावला की हजारातला एक भाग उजेड आत जातो, म्हणून फोटोला हजारपट वेळ द्यावा लागतो. एवढ्या वेळात जो चालता आहे तो कुठेच पुरेसा थांबत नाही, त्यामुळे उमटत नाही. खांब, फरशी, बाकं तेवढी राहतात.

"चला माझ्याबरोबर," धाकटी म्हणाली. "तुमच्याशिवाय माझा आकडा चुकेल." खरं तर तिला त्यांना जरा बाहेर काढायचं होतं.

गुरुवारी अकराच्या आत हॉलमध्ये तिपाई लावून झाली. खिडक्यांच्या रांगा दोन्ही बाजूंच्या भिंतींना होत्या, त्या तिने चौकटीबाहेर ठेवल्या. मधे नुसता येण्याजाण्याचा रस्ता. तिने उत्साहाने काळा फिल्टर फिरवून बसवला आणि कॅमेऱ्याचं मोजमाप बघायला गेली. आकडे वेड्यासारखे नाचायला लागले.

"अगं, काळी काच लावून काय मोजतेस?" बाबा म्हणाले. "गॉगल घालून लुगड्याचा रंग विचारतेस होय? काढ ती. आधी उघड्या भिंगाने मोज. नेम धर, भिंग पक्कं कर. मग काच. मग गुणाकार."

धाकटीने जीभ चावली. फिल्टर काढला. उघड्या भिंगाने आकडा आला पाव सेकंद.

"पाव गुणिले हजार?" बाबांनी विचारलं, शाळेत विचारावं तसं.

"अडीचशे. चार मिनिटं आणि वर दहा सेकंद."

"शाबास. मागच्या काचेवर हात धर, डोळा लावायच्या. तिथूनही उजेड शिरतो, चोर असतो तो." मग समोर बघून म्हणाले, "ती पलीकडच्या चौकशीच्या खिडकीवरची ट्यूब लुकलुकतेय बघ. फोटो खराब करील. बंद करायला सांगून येतो."

"आता? मी बटण दाबतेय."

"दाब की. चालता माणूस दिसत नाही म्हणतेस ना? वीस-पंचवीस पावलांत पलीकडे पोचतो. आणि मोजतोही मनात. बघू, तुझं घड्याळ खरं की मी."

धाकटीने वायरीचं बटण दाबलं. बाबा निघाले. ती एका हाताने मागची काच झाकून, दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळात मान घालून उभी राहिली. अर्ध्यात पोस्टाची तिकिटं विकणाऱ्या बाई येऊन बाजूला टेकल्या. "एवढा वेळ लागतो होय एका फोटोला? आमच्या भाचीच्या लग्नात तर फोटोवाल्याने तेवढ्यात दोनशे काढले." धाकटी घड्याळावरची नजर न काढता हसली. दोनशे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. बटण सोडलं.

मान वर केली तेव्हा बाबा पलीकडच्या बाकाची पाठ धरून उभे होते. ट्यूब अजून लुकलुकत होती.

"अहो बाबा, ट्यूब?"

"राहिलंच की. वय झालं." मग लगेच, "दोनशे बावन्नला सोडलंस ना?"

"पन्नासला!"

"मग माझे दोन जास्त. गंजलो."

दोघं हसले. तिकिटांच्या बाईंनी जाऊन ट्यूब बंद केली, बाबा चौकटीबाहेरच्या एका बाकावर बसले, धाकटीने दुसरा फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर दोन्ही रिकामे दिसले. पहिल्यात मधोमध एक बारीक काळी रेघ होती, ती तिला खांबाची सावली वाटली.

शुक्रवारी सकाळी दूध गॅसवर ठेवून तिने पहिला फोटो उघडला, काढून टाकण्यापूर्वी एकदा बघावा म्हणून.

ती सावली नव्हती.

बूट स्वच्छ. पँटच्या इस्त्रीची घडी स्वच्छ. डावा पाय अर्ध्या पावलाने पुढे, उजवा मागे, जसा चालता माणूस मधेच कुणी गोठवावा तसा. कमरेपासून वर आकृती जराशी मऊ होत गेली होती. उजवा हात तर हातासारखा दिसतच नव्हता. पाखराने फडफडावं तसा राखाडी धुरळा होता तिथे. म्हणजे पाय खिळलेले होते आणि हात थरथरत होता. मिनिटभर नव्हे, फोटो जवळजवळ भरून जाईल एवढा वेळ.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते धाकटीला ठाऊक होतं. इथे जमीन पाय सोडायलाच तयार नव्हती.

आणि मग तिला डोकं दिसलं. डोकी दिसली. दोन. एक पाठमोरं, पांढऱ्या केसांचं. दुसरं त्याच्यातूनच निघालेलं, खांद्यावरून मागे वळलेलं. बाबा तिच्याकडे बघत होते. नुसतं क्षणभर वळून नव्हे, क्षणभर वळलेलं उमटत नाही. बराच वेळ. तोंड किंचित उघडं. आणि दहा-बारा पावलांवर ती घड्याळात डोकं घालून, भाचीच्या लग्नाच्या गोष्टीवर हसत उभी होती.

तिला एकामागून एक गोष्टी आठवायला लागल्या आणि प्रत्येक आठवण थोबाडीत मारल्यासारखी लागली. गेले काही महिने बाबा दारात थबकायचे, आणि ती म्हणायची, "काय, दारात हवा खाताय का?" वाणसामानाच्या यादीतलं त्यांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं, आणि ती म्हणाली होती, "कागद वाचवताय वाटतं!" शर्टाची बटणं ते आता काढत-लावतच नसत, लावलेलाच शर्ट वरून डोक्यातून घालत. तिने रोज पाहिलं होतं. रोज. लिहून देऊ, म्हणाली होती.

करपलेलं पातेलं तसंच सोडून, लॅपटॉप काखेत मारून ती दोन गल्ल्या धावत गेली.

बाबा खिडकीत होते. तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर उघडला. त्यांनी चष्मा सारखा केला, मग टेबलाच्या खणातून छापखान्यातलं जुनं भिंग काढलं आणि स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. बराच वेळ. धाकटीला वाटलं, आता नाकारतील, आता काहीतरी साबणासारखं सांगतील.

"बुटातून फरशीची पांढरी चौकट दिसतेय," बाबा म्हणाले. "पुसटशी. बघ, इथे."

"बाबा..."

"म्हणजे मी नव्हतो तेवढ्यात फरशीचा उजेड आत गेला. पाचातला एक भाग असेल. चार भाग मी होतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अडीचशेच्या पाच भागांतले चार. दोनशे सेकंद."

धाकटी खाली फरशीवरच बसली. माणूस आपल्या आजाराचं माप असं काढू शकतो, तेही कुणाच्या तरी कॅलेंडराबद्दल बोलावं अशा आवाजात, हे तिच्या डोक्यात शिरेना.

"मी मनात दोनशे चार मोजले होते," बाबा म्हणाले. "उजेड चार सेकंद खातोय. खाऊ दे."

"कधीपासून होतंय हे?"

"वर्ष झालं असेल. दारात जास्त होतं. अरुंद जागेत. गर्दीत. पाय ऐकतच नाहीत गं. फेविकॉल लावल्यासारखे. न्हाणीघरातही साबण नव्हता. पाय मागे राहिले आणि मी पुढे गेलो."

"आणि सांगितलं नाहीत! काल मी तिथे होते बाबा! दहा पावलांवर! एक हाक मारायची!"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने काळी काच लावून उजेड मोजला होता.

"फोटो चालू होता ना! तू दचकली असतीस, तिपाईला धक्का लागला असता. अख्खं एक्स्पोजर वाया."

धाकटीला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदमच झालं. नाक पुसत ती म्हणाली, "मग सुटलात कसे?"

"तेच सांगतोय." बाबा पहिल्यांदा जरा पुढे झुकले. "दोनशेपर्यंत मनातच मोजत होतो. तुझ्याकडे बघून झालं, काही उपयोग नाही. मग म्हटलं, तोंडाने मोजू. 'एक आणि' म्हटलं आणि टाच आपटायला गेलो. टाच उचलली की! आणि तिच्या मागे पाय आला. तसा ठेक्यात पलीकडच्या बाकापर्यंत गेलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं."

खिडकीतून ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलं होतं. धाकटी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो मांडीवर पडून बारीक, न थांबता हलत होता. तिने आजवर तो हललेला पाहिलाच नव्हता, कारण बाबा तो हात नेहमी खिशात ठेवत.

"रविवारी दादाला काय सांगू?" तिने हळूच विचारलं.

बाबांनी भिंग खणात परत ठेवलं. "तू मला शब्द दिलायस," म्हणाले. "मी तो परत करतो. फोटो दाखव त्याला."

रविवारी दादा आला तो मोठी रिकामी बॅग घेऊनच. बेल वाजली तेव्हा धाकटी चहा गाळत होती. दार उघडायला बाबा उठले, कडी काढली, दार उघडलं आणि उंबऱ्याशीच खिळले. समोर दादा, हात पसरून, "बाबा!" म्हणत. बाबा पुतळ्यासारखे. ओठ हलताहेत, आवाज नाही. दादाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि रंग तेवढा उतरला.

"बाबा? बाबा, काय होतंय? धाकटे! धाकटे, लवकर ये!"

धाकटी गाळणी हातात घेऊनच आली. चहा तिच्या पायावर ठिबकत होता. तिने बाबांच्या मागे उभं राहून आपली टाच फरशीवर आपटली. "एक आणि. दोन आणि. तीन आणि."

तीनला बाबांची टाच उचलली. चारला ते बाहेर आले आणि दादाच्या गळ्यातच पडले.

दादाने मग फोटो पाहिला. दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्याने वळलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे कुणाकडे बघताहेत?" धाकटी म्हणाली, "माझ्याकडे." रिकामी बॅग दारातच पडून राहिली. शेवटी बाबाच म्हणाले, "उद्या तिघंही डॉक्टरकडे जाऊ. त्यांना काही लपवायचं नाही. आधी उघड्या भिंगाने मोजू दे. मग कुणी कुठे राहायचं ते ठरवा."

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "पाय अडकतात ते साधारण किती वेळ?"

"दोनशे सेकंद," बाबा म्हणाले. "पुरावा आणलाय."

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली यायला वेळ लागला. "वीस वर्षांत लोकांनी मला सांगितलंय, दोन मिनिटं, दहा मिनिटं, वाटेल ते," ते म्हणाले. "कुणी उमटवून आणलं नव्हतं." मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव ऐकून दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला, आणि बाबांनी फक्त त्याचं स्पेलिंग विचारून घेतलं. डॉक्टर पुढेही बरंच बोलले. औषधाने बराच फरक पडेल, बरं होणार नाही. घरात पायपुसणी नकोत, न्हाणीघरात धरायला दांडे हवेत. एकट्याने राहणं आता नाही, पण घर बदललं तर गोंधळ वाढेल. ओळखीची दारं बरी.

दादा खाली बघत म्हणाला, "माझ्याकडे लिफ्टचं दार आहे. आणि सात खोल्यांची सात दारं."

"मग मी येते राहायला बाबांकडे," धाकटी म्हणाली. "घरच्यांना घेऊन. दोन खोल्यांत कोंबून घेऊ."

"माझी खिडकी?" बाबांनी विचारलं.

"तुमची तुम्हालाच."

"आणि मी महिन्यातून आठ दिवस," दादा म्हणाला. "ते मात्र कुणाला न विचारता."

बाबांनी थरथरणारा हात खिशातून काढून टेबलावर उघडा ठेवला.

निघताना दवाखान्याच्या दाराशी ते पुन्हा अडकले. अरुंद दार होतं, समोरून एक बाई मुलाला घेऊन येत होती. दादा झटकन पुढे झाला, लहानपणीसारखी टाच आपटत मोजू लागला, "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि..."

बाबांचा पाय उचलला नाही. त्यांनी मान वळवून दादाकडे पाहिलं.

"अरे, तुझा सेकंद केवढासा! एवढी घाई कसली?" ते म्हणाले. "अशाने नवरीचं वांगं होतं. पुन्हा मोज. नीट."

दादाने खोल श्वास घेतला. मुलाला घेऊन आलेली बाई बाजूला होऊन, डोळे मोठे करून बघत उभी राहिली.

"एक," दादा म्हणाला, आणि थांबला. "आणि."